डावीकडची हवा

माझा हात बारीक आहे. अम्मीच्या बांगड्या मला चढवाव्या लागत नाहीत, आपोआप घसरतात. त्यामुळे डॅशबोर्डच्या मागचं काम आमच्या गॅरेजात माझ्याकडे येतं. अब्बांची बोटं जाड, पेरांना गाठी. त्यांचा हात डॅशबोर्डमधल्या कप्प्याच्या भोकातून आत गेला तर कोपराशी अडकतो. माझा खांद्यापर्यंत जातो. आत दिसत काही नाही, सगळं बोटांनी वाचावं लागतं. ही वायर, हा खटका, हा मोटरचा गोल माथा. भौतिकशास्त्र मी मलकापूरच्या कॉलेजात शिकले, पण हे वाचन अब्बांनी शिकवलं.

त्यांचा एकच नियम होता. पिवळ्या वायरला हात लावायचा नाही. डॅशबोर्डमागे ज्या वायरींवर पिवळं वेष्टन असतं त्या एअरबॅगच्या; त्यांत वीज गेली की पिशवी तोंडावर फुटते. काम सुरू करण्याआधी बॅटरीची वायर सोडायची, चहा प्यायचा आणि मगच आत हात घालायचा. "चाय का वक्त उसको दे, बेटा," अब्बा म्हणत. चहा आमच्यासाठी नसायचा. त्या वायरींत साठलेली वीज तेवढ्या वेळात विरून जाते.

मे महिन्यातल्या त्या दुपारी हिंमतरावांची मोठी गाडी मोताळ्याच्या आमच्या गॅरेजासमोर थांबली. हिंमतराव म्हणजे घाटाखालच्या खडी क्रशरचे मालक, आधी दोनदा सरपंच. ते नेहमी पुढच्या डाव्या सीटवर बसायचे. गाडी चालवायचा भागवत, त्यांच्याच गावचा, माझ्याहून थोडा मोठा. तो उतरला, गाडीला वळसा घालून धावला आणि मालकाचं दार उघडलं. तेव्हा मला त्याचा डावा हात दिसला. मधली दोन बोटं वाकडी होती. मागच्या खेपेला ती सरळ होती.

"काय झालं रे भागवत बोटाले?" अब्बांनी विचारलं. गिऱ्हाईक समोर असलं की अब्बा मराठीत बोलतात.

"दारात आली, चाचा."

"आली नाही, आणली म्या," हिंमतराव सीटवरूनच म्हणाले. "काऊन खोटं बोलून राह्यला बे? सांग ना, मालकानं दार लावलं म्हणून."

भागवत दार धरून उभा राहिला.

हिंमतराव खाली उतरले आणि अब्बांकडे वळले. पाठीवरचा सदरा घामानं चिकटला होता. "कय्यूम, हे पाह्य. मह्या बाजूनं आग येते, याच्या बाजूनं थंडी. एकच गाडी, एकच मशीन. मालक शिजून राह्यला अन् डायव्हर काश्मिरात बसला. मांगच्या टायमाले तू गॅस भरला, जाळी बदलली. काय झालं? शेगावच्या रस्त्यानं पाहुणे होते गाडीत. व्याही म्हणे, हिंमतराव, गाडी घेतली का भट्टी? साऱ्यायसमोर म्हणे."

"तुमी बसा मालक, पाणी घ्या. पोरगी पाह्यते."

"काय पाह्यते? हा मुद्दाम बटन फिरवते. म्या झोपलो का फिरवते."

"नाही मालक," भागवत म्हणाला. "आईची शप्पत, म्या हात नाही लाव—"

चापट त्याच्या कानावर बसली. आवाज मोठा नव्हता, ओल्या फडक्यासारखा होता. भागवतनं हात वर नेला नाही. सवय झालेली माणसं तोंड झाकत नाहीत, नुसती मान थोडी वळवतात.

"त्या दिवशी दोन बोटं," हिंमतराव अब्बांना म्हणाले, शांतपणे, गाडीत किती डिझेल आहे ते सांगावं तसं. "आज नाही झालं तं अख्खा पंजा. उजवा. मंग पाहू कोन बटन फिरवते."

ते ही गोष्ट करतील याबद्दल मला शंका वाटली नाही. पुरावा भागवतच्या डाव्या हाताला होता.

मी गाडीत बसले. स्क्रीनवर दोन्ही बाजूंना बावीस अंश दाखवत होतं. उजव्या झडपेपुढे थर्मामीटर धरला, हवा चांगली गार होती. डावीकडे धरला आणि हात मागे घ्यावा लागला. मग गाणी बंद करून कान लावला. पुढच्या कप्प्याच्या मागून बारीक टकटक येत होती, थांबून थांबून.

अशा गाडीत माणूस फक्त आकडा लावतो. बाकी गाडी स्वतः करते. डॅशबोर्डच्या पोटात एक डबा असतो, त्यात एक गार कॉइल आणि एक गरम. दोन्हींच्या मध्ये पडदा. सेन्सर आतली हवा मोजतो आणि एक छोटी मोटर त्या मापानं पडदा इकडे किंवा तिकडे सरकवते. या गाडीत डाव्या आणि उजव्या बाजूला वेगळे पडदे होते. डावीकडचा गरम बाजूला उघडा अडकला होता. मोटर त्याला ढकलत होती, ढकलता येत नव्हतं, म्हणून टकटक. गाडीला वाटत होतं आपण थंड करतो आहोत. बाहेर आग येत होती.

म्हणजे भागवतनं काही केलं नव्हतं. मी बाहेर येऊन तसं सांगितलं.

"मालक, बटणाचा दोष नाही. आतला पडदा अडकला आहे."

हिंमतरावांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "कय्यूम, पोरीले कामाले लावलं, ठीक आहे. बोलाले नको लावू."

अब्बांनी बॅटरीची वायर सोडली आणि समोरच्या टपरीवर हात हलवून चहा मागवला. हिंमतराव प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. भागवत उन्हात उभा होता, कारण सावलीत ये असं त्याला कोणी म्हटलं नव्हतं. चहा आला. हिंमतरावांनी एक घोट घेतला, पेल्याकडे पाहिलं आणि भागवतला जवळ बोलावलं. मग पेला तिरका करून उरलेला चहा त्याच्या पायावर ओतला. चपलेच्या पट्ट्यातून वाफ आली. भागवतचा पाय उचलला गेला, पुन्हा खाली टेकला.

"गरम आहे का बे?"

"नाही मालक."

"पाह्य कय्यूम. याले गरम लागतच नाही. मंग गाडीत याले थंडी कायले पाह्यजे?"

टपरीवाला शेषराव ते पाहत होता. त्यानं हसावं की नाही याचा अंदाज घेतला आणि पेले विसळायला लागला. अब्बा उठले, पाण्याचा मग भरला आणि भागवतच्या पायावर हळूहळू ओतला. हिंमतरावांनी ते चालू दिलं. गाडी अजून अब्बांच्या ताब्यात होती.

चहाचा वेळ संपला. मी कप्पा काढला, डाव्या सीटखालच्या जागेत पाठीवर झोपले आणि हात आत घातला. मोटर सुटली. तिच्या पांढऱ्या चक्राचा एक दात तुटला होता. पण दात कशामुळे तुटला हा प्रश्न उरला. मी पडद्याचा दांडा बोटानं फिरवून पाहिला. हलला, आणि अर्ध्यात दगडावर आपटल्यासारखा थांबला. मी हात आणखी वर नेला, समोरच्या काचेखालच्या फटीतून हवेची जी नळी खाली येते तिच्यात.

बोटांना आधी पातळ काही लागलं. वाळलेलं, कडेला फाटलेलं. एकाचे दोन भाग, मध्ये जुळलेले. ही पानं बोटांनी ओळखायला मला वेळ लागला नाही. शाळेत दसऱ्याच्या सुट्टीनंतर काजल आणि प्रेरणा माझ्या दप्तरात ही पानं कोंबायच्या. "घे गं, सोनं घे."

आपट्याची पानं. मी ती ओढत गेले आणि ती येत गेली. चुरा झालेली, काळी पडलेली, एकमेकांना चिकटलेली. त्यांच्याबरोबर कुंकवाचे तांदूळ, ओल लागून फुगलेले. शेवटी, पडद्याच्या कडेत घट्ट बसलेलं, गोल आणि कठीण असं काही. ते काढायला मला नखं घालावी लागली. सुपारी होती. एका बाजूला पडद्याच्या कडेची खाच पडलेली.

मी सगळं ट्रेमध्ये ठेवलं आणि ट्रे बाहेर आणला.

आधी भागवतला कळलं. त्याचं तोंड उघडलं, डोळे मोठे झाले आणि तो हसला. आधी नुसता श्वास फुटल्यासारखा, मग मोठ्यानं, पोटावर हात धरून.

"मालक! हे तं तुमचंच सोनं! दसऱ्याचं!" त्याला बोलता येईना. "तुमी इथंच बसले होते ना, सारं गाव खिडकीतून सोनं देऊन राह्यलं, तुमी सामोर ढीग लावला, वर पूजेची सुपारी ठेवली. म्या म्हनलो, मालक, पुसून घेऊ का? तुमी म्हनले, लक्ष्मी आहे, हात लावशीन तं तोडीन. मंग म्या नाही लावला हात! घाटात गाडी वळली का एकेक पान काचीखालच्या फटीत जाऊन राह्यलं, म्या पाह्यलं, पन हात नाही लावला!"

टपरीवर शेषरावही हसला. त्याला आता अंदाज आला होता, आणि तो चुकला होता.

हिंमतरावांच्या चेहऱ्यावरही हसू होतं. अब्बांनी ते पाहिलं. "भागवत," ते घाईनं म्हणाले, "जाय, नळावरून पाणी आन. जाय ना."

भागवत गेला नाही. कितीतरी दिवसांनी तो निर्दोष ठरला होता, त्याला तिथंच उभं राहायचं होतं.

"लावा लवकर," हिंमतराव म्हणाले. "पाहू द्या मले."

अब्बांनी जुन्या सामानातून तसंच चक्र शोधून दिलं. मी ते बसवलं, मोटर जागेवर चढवली. बॅटरी जोडली. कप्पा अजून बाहेरच होता, कारण पडदा दोन्ही टोकांपर्यंत फिरतो का ते आधी पाहायचं होतं. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले. मधली झाकणपट्टी उघडी होती. तिच्यातून डावा हात आत घालून मी टेस्टर धरला, मोटरला वीज नीट पोचते का ते तपासायला. हिंमतराव डाव्या सीटवर येऊन बसले. दार सताड उघडं ठेवलं.

मोटर फिरली. टकटक नव्हती. पडदा एका टोकाला गेला, परत आला आणि थांबला. डाव्या झडपेतून गार हवा यायला लागली.

हिंमतराव पुढे झुकले. चेहरा झडपेशी नेला आणि डोळे मिटले. कपाळावरचा घाम वाळताना मला दिसत होता. त्या क्षणी ते कोणाही दमलेल्या माणसासारखे दिसत होते.

"थंड," ते म्हणाले. "कय्यूम, पोरगी हुशार आहे तुही."

"जी, मालक."

"भागवत, इकडं ये." डोळे अजून मिटलेले होते. "उजवा हात दे. ठेव तिथं, मांगच्या खांबावर. दार लागते तिथं."

भागवतच्या तोंडावरचं हसू गेलं नाही, नुसतं तसंच राहिलं, काढायचं विसरल्यासारखं. "मालक, काम झालं ना."

"काम झालं. हसण्याचं राह्यलं."

"मालक, हे पोरगं आहे," अब्बा पुढे आले. "मह्याकडं पाहून सोडा."

"तू सरक मांगं. तुहं गॅरेज लाकडी छपराचं आहे ना?" हिंमतरावांनी डोळे उघडले. "ठेव बे हात."

आणि भागवतनं हात ठेवला. कोणी धरला नाही, कोणी ओढला नाही. त्यानं स्वतः उजवा पंजा उचलला आणि दाराच्या मागच्या खांबावर, पत्र्याच्या कडेवर नीट पसरून ठेवला. बोटं एकमेकांपासून सुटी. वाकडा डावा हात त्यानं मागे पाठीशी घेतला होता. त्याचे ओठ हलत होते.

दार पूर्ण उघडं होतं, त्यामुळे दाराची मूठ सीटवरून लांब पडत होती. हिंमतराव ती धरायला पुढे झुकले. पुढे आणि डावीकडे. छाती डॅशबोर्डला जवळजवळ टेकली.

माझा हात आतच होता. पिवळा रंग बोटांना कळत नाही, पण त्या वायरीचं वेष्टन वेगळं असतं, गांडुळासारखं वळ्यावळ्यांचं. ते माझ्या करंगळीला लागत होतं. ते तिथं आहे हे मला मघापासून माहीत होतं, आणि करंगळी मी मघापासून त्यापासून दूर ठेवली होती.

मी विचार केला नाही. मी मोजलं. पिशवी कुठून फुटेल आणि कोणत्या दिशेला येईल. हिंमतरावांचं तोंड किती जवळ आहे. भागवतचा पंजा सीटच्या पाठीमागे आहे, तिथपर्यंत ती पोचणार नाही. माझा हात आत आहे, तो भाजेल. हिंमतरावांची बोटं दाराच्या मुठीवर मिटली. मी टेस्टरचं वीज आलेलं टोक सरकवलं आणि पिवळ्या जोडणीत दाबलं.

आवाज ऐकू आला असं म्हणता येणार नाही. कानात काहीतरी तुटलं. डॅशबोर्ड फाटला, पांढरं कापड एकदम सगळीकडे झालं, वरची काच तडकली. गाडीत पिठासारखा धूर भरला आणि फटाक्यांचा वास आला. पिशवी ढिली पडली तेव्हा हिंमतराव सीटला मागे चिकटलेले होते. त्यांचाच हात त्यांच्या तोंडावर आदळला होता. मनगटातल्या कड्यानं कपाळ उभं फाडलं होतं. नाक एका गालाकडे गेलं होतं. पुढचा एक दात सदऱ्यावर पडलेला होता, आणि त्याच्या भोवती रक्त इतक्या लवकर पसरत होतं की दात दिसेनासा झाला. ते ओरडत होते. मला फक्त त्यांचं उघडं तोंड दिसत होतं.

दार त्यांच्या हातून सुटलं होतं. ते स्वतःच्या वजनानं सावकाश मिटत आलं आणि भागवतच्या कमरेला टेकून थांबलं.

त्याचा पंजा अजून खांबावरच होता.

"काढ," मी म्हटलं. माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता. "हात काढ! भागवत, हात काढ तिथून!"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताकडे. मग तो काढला, मूठ मिटली, उघडली, मिटली.

अब्बा माझ्या बाजूच्या दाराशी आले तोवर मला थोडं ऐकू यायला लागलं होतं. त्यांनी माझा हात बाहेर ओढला. कातडी लाल झाली होती, मनगटावर फोड उठायला लागले होते, आणि टेस्टर अजून मुठीत होता. त्यांनी टेस्टरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. मग टेस्टर घेऊन खिशात घातला आणि मोठ्यानं म्हणाले, "शॉर्ट झाली वायर, मालक! गरमीनं शॉर्ट झाली! शेषराव, फडकं आन!"

हिंमतरावांना ऐकू येत नव्हतं. ते डोळ्यांतलं रक्त पुसत होते आणि सीट चाचपत होते. भागवत तिथंच उभा राहील किंवा पळून जाईल असं मला वाटलं. तो पळाला नाही. त्यानं शेषरावचं फडकं घेतलं, मालकाच्या कपाळावर दाबलं, त्यांचाच हात त्यावर ठेवला. मग सवयीनं वळसा घालून माझ्या बाजूला आला.

"उतरा ताई. बुलडाण्याले नेतो यायले."

मी उतरले. फाटलेली पिशवी अब्बांनी कापून काढली. डावीकडचं दार उघडं राहिलं होतं. मी तिकडे गेले. लावण्याआधी चौकटीवर कोणाचा हात नाही ना, ते पाहिलं, खालपासून वरपर्यंत. मग दार लावलं. काचेतून स्क्रीनवरचा आकडा दिसत होता. बावीस. डाव्या झडपेतल्या गार हवेनं हिंमतरावांचे केस हलत होते.

दुसऱ्या दिवशी अब्बांनी शटर अर्धंच वर केलं. रस्त्यावर कोणतीही मोठी गाडी हळू झाली की ते उठून उभे राहत. ते माझ्याशी बोलत नव्हते, पण सकाळी माझ्या हाताची पट्टी त्यांनीच बदलली होती.

दुपारी भागवत वाकून शटरखालून आत आला. ड्रायव्हरचे कपडे नव्हते, साधा सदरा. बसनं आला होता.

"कसे आहेत?" अब्बांनी विचारलं.

"नाक बसवलं. सात टाके पडले. कानात अजून शिट्टी वाजते म्हनतात." तो पाटावर बसला. "म्या चाबी उशाशी ठेवली. म्हनलो, मालक, मी चाल्लो. त्यायले वाटलं पानी आनाले चाल्लो. म्हने, थंड आन."

अब्बांच्या तोंडून हसण्यासारखा आवाज आला. त्यांनी तो लगेच गिळला. "काय म्हनतात ते? गाडीचं?"

"म्हनतात, गाडीत खोट होती. दुसऱ्याले विकतो म्हने." मग तो माझ्याकडे वळला. "ताई, ते आपोआप फुटलं का?"

अब्बा माझ्याकडे पाहत होते. त्यांची मान अगदी थोडी हलली, नको म्हणून.

"नाही," मी म्हटलं.

भागवतनं मान डोलावली. मग विचारलं, "ते पानं फेकली का तुमी?"

ट्रे पान्यांच्या कपाटावर तसाच होता. मला ते फेकता आलं नव्हतं, आणि ठेवायचं कुठं तेही कळलं नव्हतं. मी तो खाली काढला. बहुतेक पानांचा चुरा झाला होता. भागवतनं चुरा बाजूला सारत सारत एक अख्खं जोडपान शोधून काढलं, काळं, कडक. फुंकर मारून धूळ उडवली. मे महिन्यात कोणी असं करत नाही. तो उठला आणि ते माझ्यासमोर धरलं.

उजव्या हातानं. पाचही बोटं सरळ होती.

"घ्या ताई," तो म्हणाला.

माझ्या डाव्या हाताला पट्टी होती. मी ते उजव्या हातानं घेतलं. बाहेर एक गाडी हळू झाली आणि अब्बा उठून उभे राहिले.